अपघात भरपाईचा दावा: कागदावरच्या या चुका टाळा

रस्ते अपघातात जखमी झालेल्या माणसाचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे येईपर्यंत त्याचे बरेचसे भवितव्य ठरून गेलेले असते. ते ठरते रुग्णालयाच्या अपघात विभागात आणि पोलीस ठाण्यात, पहिल्या काही दिवसांत, आणि नेमके तेव्हा घरच्यांचे सारे लक्ष जखमीच्या जिवाकडे असते. त्यात त्यांचा दोष नाही. पण त्या दिवसांत कागदावर काय उतरले, याचा हिशेब पुढे कित्येक वर्षे द्यावा लागतो.

सर्वांत महाग पडते ते एक वाक्य. रात्री जखमीला आणणारा शेजारी घाईत सांगतो, ‘गाडीवरून पडला’, आणि ड्युटीवरचे डॉक्टर केसपेपरवर तेवढेच लिहितात. चार दिवसांनी नोंदवलेल्या फिर्यादीत मागून टेम्पोने धडक दिल्याचे येते. पुढे उलटतपासणीत विमा कंपनीचे वकील तोच केसपेपर साक्षीदारासमोर धरतात आणि विचारतात, की धडक झाली होती तर ती त्या रात्री का सांगितली नाही. म्हणून कोणत्या वाहनाने, कोठे आणि कशी धडक दिली, हे पहिल्याच वेळी पूर्ण सांगावे आणि एमएलसी नोंद (पोलिसांना कळवायच्या जखमी रुग्णाची रुग्णालयातील नोंद) झाल्याची खात्री करून घ्यावी. नोंद चुकली असेल तर पोलीस जबाबात ती का चुकली हे ताबडतोब स्पष्ट करावे. केसपेपरवर मागाहून खाडाखोड करून घेण्याच्या फंदात मात्र कधीही पडू नये.

फिर्यादीला केवळ उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे, पण उशिराचे कारण पटणारे हवे. अपघात साताऱ्याजवळ आणि उपचार पुण्यात, अशा वेळी हद्दीच्या वादात दिवस घालवू नयेत, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. धडक देणारे वाहन पळून गेले असेल तर ओळखीतल्या कुणाच्या गाडीचा क्रमांक पुढे करण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो गुन्हा आहे आणि त्यामुळे खरा दावाही बुडतो. धडक देणारे वाहन सापडत नाही अशा प्रकरणांसाठी वेगळी योजना आहे. तीत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, आणि अर्ज अपघात जेथे झाला तेथील प्रांत किंवा तहसील पातळीवरील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो.

मुदतीबाबत जुन्या ऐकीव माहितीवर राहू नये. मोटार वाहन कायद्यातील १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कलम १६६ खालचा, म्हणजे न्यायाधिकरणापुढचा, दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर थांबणे धोक्याचे आहे. पोलिसांनी तपशीलवार अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, पण तो गेला का, हे स्वतः विचारावे. दाव्यासाठी अपघाताच्या गावी खेपा घालण्याचीही गरज नाही. कर्नाटकात अपघात झालेला सोलापूरचा रहिवासी सोलापुरातच दावा लावू शकतो.

अपंगत्वाच्या दाखल्याबाबतचा गैरसमज मला सर्वांत जास्त खुपतो. दाखल्यावर ४० टक्के लिहिले म्हणजे तेवढी भरपाई ठरली, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात न्यायाधिकरण पाहते ते त्या अपंगत्वाने कमाईची ताकद किती घटली ते. गुडघा न वाकणारा कारकून खुर्चीत बसून काम करू शकतो, गवंडी परांचीवर चढू शकत नाही. समजा, ३४ वर्षांचा गवंडी महिन्याला १८ हजार रुपये मिळवतो. वर्षाचे २,१६,००० होतात. भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून ३,०२,४००. या वयाचा गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, १६, म्हणजे ४८,३८,४००. कमाईतील घट ४० टक्के मान्य झाली तर १९,३५,३६० रुपये मिळतात, २० टक्केच मान्य झाली तर बरोबर निम्मे. एवढे अंतर ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट म्हणजे डॉक्टरांची साक्ष, आणि अनेक दाव्यांत दाखला जोडून डॉक्टरांना बोलावलेच जात नाही. उत्पन्नासाठी पगारपत्रक नसेल तर ठेकेदाराची हजेरी वही, बँक पासबुक, कामगार नोंदणीचे कार्ड, जे असेल ते आणावे, आणि वहीचा ठेकेदार साक्षीला येईल हेही पाहावे.

औषधांची बिले प्रिस्क्रिप्शनसह तारखेनुसार लावावीत. थर्मल कागदावरची अक्षरे वर्षभरात उडतात, म्हणून त्यांच्या झेरॉक्स लगेच काढाव्यात.

वकील निवडताना रुग्णालयाच्या आवारात वकीलपत्रावर सही मागणाऱ्या एजंटाला नकार द्यावा. भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवणे हे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

तडजोडीची घाई हीदेखील तितकीच नुकसानीची ठरते. गंभीर दुखापतीसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली (चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी ठरावीक भरपाई) विमा कंपनीने देऊ केलेले अडीच लाख रुपये तडजोडीत स्वीकारले, की न्यायाधिकरणापुढचा दावा संपुष्टात येतो. लोकअदालतीतील निवाड्यावर अपीलही करता येत नाही. पायातील सळई अजून काढायची असेल, तर त्या शस्त्रक्रियेच्या खर्चाचे अंदाजपत्रक डॉक्टरांकडून लेखी घेऊन दाव्यात जोडल्याशिवाय कोणत्याही तडजोडीवर सही करू नये.