हायस्पीड कॅमेरा वापरताना या चुका टाळा

कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत हायस्पीड कॅमेरा, म्हणजे सेकंदाला शेकडो-हजारो फ्रेम (चित्रं) टिपणारा कॅमेरा, घेऊन फिरताना एकच तक्रार कानावर येते, "सर, कॅमेऱ्यानं शूटच केलं नाही." कॅमेरा ठणठणीत असतो. स्क्रीनच्या कोपऱ्यातला शब्द मात्र कुणीच वाचलेला नसतो.

त्या कोपऱ्यात 'लाइव्ह' दिसत असेल, तर मेमरीत काहीही जात नाही. चित्र हलतंय म्हणजे ते साठतंय, असा समज करून घेऊ नका. रेकॉर्ड दाबल्यावर शब्द बदलतो. काही कॅमेऱ्यांवर 'एन्डलेस' येतं, काहींवर 'वेटिंग फॉर ट्रिगर'. तिथून मेमरी रहाटगाडग्यासारखी फिरायला लागते. नवी फ्रेम आत आली की सगळ्यात जुनी पुसली जाते. ट्रिगर मोड, म्हणजे ट्रिगरचं बटण दाबल्याचा क्षण क्लिपमध्ये कुठे ठेवायचा ती सेटिंग, 'एन्ड' असेल, तर ट्रिगर दाबताच हा रहाट थांबतो आणि त्याआधीचे काही सेकंद हातात राहतात. म्हणजे बटण दाबायचं ते घटना घडून गेल्यावर. नवखी मुलं आधीच दाबून मोकळी होतात.

किती सेकंद राहतील याचा हिशोब कागदावर करा. १२८० × १०२४ ची १२-बिट फ्रेम साधारण २ एमबीची. सेकंदाला २,००० फ्रेम घेतल्या तर १६ जीबी मेमरी ४ सेकंदांत भरते. ५०० घेतल्या तर १६ सेकंद मिळतात. कॅमेऱ्यात आहे म्हणून फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) चढवत नेण्याची हौस मला अजिबात पटत नाही.

आता ज्या चुकीनं माझी अख्खी संध्याकाळ गेली, ती सांगतो. हळदपूड भरणारं पाऊच मशीन होतं. तीन-चारशे पाकिटांमागे एखाद्याचं सील उघडं राहायचं. ५०० फ्रेमवर, 'एन्ड' ट्रिगर लावून कॅमेरा सीलिंग जॉवर, म्हणजे पाकीट दाबून सील करणाऱ्या जबड्यावर, रोखला. ऑपरेटर खाली पाकिटं चाचपत होता. दोन तासांनी तो ओरडला, "सर, हे बघा, फुटकं!" मी ट्रिगर दाबला. घटना मेमरीत आली. लेन्सवर पिवळा थर बसला होता, तो पुसायला मी पुढे वाकलो, तेवढ्यात लॅपटॉपजवळच्या पोरानं विचारलं, "सर, आणखी एक घेऊया की?" आणि माझं उत्तर यायच्या आत रेकॉर्ड दाबलंसुद्धा. कॅमेऱ्यानं काही विचारलं नाही. रहाट पुन्हा फिरला आणि ते १६ सेकंद गेले. पुढचं फुटकं पाकीट यायला रात्रीचे साडेआठ वाजले. त्यात स्वच्छ दिसलं, की वरून पडणाऱ्या हळदीचं शेपूट जॉ मिटतानाही खाली येतच होतं आणि सीलमध्ये अडकत होतं. एवढं बघायला दुसऱ्यांदा थांबावं लागलं.

तेव्हापासून ट्रिगर बसला की मी सगळ्यांना लॅपटॉपपासून लांब उभं करतो. हवा तेवढाच भाग कापतो, कच्च्या (रॉ) स्वरूपात सेव्ह करतो. ती फाइल लॅपटॉपवरून उघडून पहिली आणि शेवटची फ्रेम डोळ्यांनी बघतो. मगच पुन्हा रेकॉर्ड. अख्खी १६ जीबी गिगाबिट केबलनं उतरवायला दोन-तीन मिनिटं तरी लागतात. तेवढा धीर नसेल तर हे काम हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 'आत्ता एमपीफोर काढू, कच्चं नंतर बघू' हा शॉर्टकटही नको. ते 'नंतर' येईपर्यंत मेमरीवर दुसरं काहीतरी बसलेलं असतं.

वीज गेली तर बहुतेक कॅमेऱ्यांची ही मेमरी कोरी होते. यूपीएस न्याच, आणि निघण्याआधी त्याची बॅटरी तपासा.

मेमरीचे भाग पाडले असतील तर वेळही तेवढ्याच भागांत वाटली जाते. चार भाग केले तर १६ सेकंदांचे प्रत्येकी ४ उरतात.

शेडमधल्या ट्यूबलाइटवर विसंबू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि चित्र धडधडतं. डीसीवर चालणारा एलईडी दिवा लावा.

कॅमेरा तापल्यावर लेन्सला झाकण लावून ब्लॅक कॅलिब्रेशन करा, म्हणजे पूर्ण काळं कसं दिसतं ते कॅमेऱ्याला नव्यानं दाखवा. फ्रेमरेट किंवा एक्स्पोजर बदलला की परत करा.

फाइलच्या नावात मशीन, तारीख आणि फ्रेमरेट घाला. ट्रिगर मोडही घाला, कारण महिन्याभरानं ती क्लिप उघडल्यावर ट्रिगर दाबल्याचा क्षण शेवटी आहे की मध्ये, हे नावावरूनच कळतं.