घड्याळ बरोबर ३७ सेकंद पुढे: पीटीपीचा माझा अनुभव

अंधेरीतल्या आमच्या ऑफिसात चार लिनक्स मशिनांची घड्याळं पीटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ अगदी अचूक जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने, जुळवली होती. नेटवर्क कार्डातलं घड्याळ जुळवणाऱ्या पीटीपी-फोर-एल प्रोग्रॅमच्या लॉगमध्ये एस-टू, म्हणजे घड्याळ जुळल्याची खूण, फरक काही नॅनोसेकंदांचा. तरी एका मशिनचं सिस्टिम घड्याळ ३७ सेकंद पुढे जायचं आणि मध्येच मागे उडी मारायचं.

केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, फायरवॉलमध्ये पीटीपीचे यूडीपी पोर्ट ३१९ आणि ३२० तपासले. दोन रात्री शेवटची लोकल पकडून हताश घरी गेलो.

खूण ३७ या आकड्यातच होती. पीटीपी टीएआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुवेळ, वाहतो आणि १ जानेवारी २०१७ पासून ती यूटीसीच्या, म्हणजे नेहमीच्या जागतिक प्रमाणवेळेच्या, ३७ सेकंद पुढे आहे. कार्डातली वेळ सिस्टिम घड्याळाला देणाऱ्या पीएचसी-टू-सिस प्रोग्रॅमला ‘डॅश कॅपिटल ओ शून्य’ (ऑफसेट, म्हणजे वेळेतला फरक, शून्य) दिलेलं होतं, म्हणजे हा फरक धरलाच जात नव्हता. शिवाय क्रोनी हा वेळ जुळवणारा दुसरा प्रोग्रॅम चालूच होता. तोच घड्याळाला मागे ओढायचा.

आधी क्रोनी थांबवून डिसेबल केलं. मग पीएमसी या पीटीपीची माहिती विचारणाऱ्या कमांडने टाइम प्रॉपर्टीज डेटा सेट मागवला: करंट यूटीसी ऑफसेट ३७ आणि तो व्हॅलिड, दोन्ही हवंच. नंतर सर्व्हिस फाइलमधून तो ‘ओ’ काढून ‘डॅश स्मॉल डब्ल्यू’ घातला, जो पीटीपी-फोर-एल जुळेपर्यंत थांबतो आणि ऑफसेट त्याच्याकडून घेतो. ‘ओ’ राहिला तर ‘डब्ल्यू’ नुसता थांबतो, ऑफसेट घेत नाही, हे नीट बघा. शेवटी बदललेली सर्व्हिस फाइल वाचली जावी म्हणून डेमन-रिलोड, मग पीटीपी-फोर-एल रीस्टार्ट, त्यानंतर पीएचसी-टू-सिस. घड्याळ लगेच जागेवर आलं.