अमेरिकेच्या सबर्बमध्ये चर्च शोधताना: नवीन आलेल्या मराठी ख्रिस्ती मंडळींसाठी

सलाम मंडळी. दरवर्षी ऑगस्ट आला की कोणाचा ना कोणाचा भाचा नाहीतर पुतणी इकडे येते आणि लगेच नगरहून फोन, "दादा, पोरांना जरा चर्च दाखव." दाखवतो की, पण प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी शिकागोच्या सबर्बमध्ये राहतो, वीस वर्षं झाली, त्यामुळे उदाहरणं इकडची आहेत पण बाकी अमेरिकेतही थोड्याफार फरकाने असंच आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. आपल्याकडे चर्च आपल्या मागे येतं, म्हणजे दोन रविवार दिसलो नाही की पाळकसाहेब सायकलवर दारात, आईला विचारणार पोरगं कुठंय. इथे कोणी येत नाही. हसून बोलतील, हात मिळवतील, "सो ग्लॅड यू केम" म्हणतील आणि पुढचे सहा महिने तुम्ही गायब झालात तरी कोणी फोन करणार नाही, कारण त्यांच्या मते तसं करणं म्हणजे तुमच्या घरात डोकावणं. मला हे कळायला दोन वर्षं लागली, तोपर्यंत मी रुसून बसलो होतो की आपल्याला कोणी विचारत नाही. आपणच जाऊन सांगायचं, नाव द्यायचं, मागायचं.

आता कुठल्या चर्चला जायचं. सीएनआयवाले (म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियावाले) इथे येऊन गुगलवर सीएनआय शोधतात आणि सापडत नाही. कसं सापडेल, आपलं चर्च 1970 मध्ये नागपूरला सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन झालं, ते तिकडचंच आहे. पण मुळं बघा. नगरच्या बहुतेकांचं मूळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये, म्हणजे काँग्रिगेशनल लोक, मिशनरी पाठवणारं त्यांचं मंडळ 1810 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये निघालं, 1813 ला त्यांचे मिशनरी मुंबईत उतरले आणि 1831 ला नगरला आले. त्या काँग्रिगेशनल चर्चेसपैकी बरीचशी 1957 नंतर युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये आहेत, पाटीवर यूसीसी दिसेल. म्हणजे कागदावर हे आपलं आजोळ. पण एक सांगून ठेवतो, आजोळ आता बदललंय, यूसीसी बऱ्यापैकी उदारमतवादी आहे, बाई पाळक असणं अगदी नेहमीचं, समलिंगी जोडप्यांची लग्नं बऱ्याच ठिकाणी चर्चमध्येच लागतात. काहींना ते आवडतं, काही पहिल्याच रविवारी उठून येतात, तुमचं तुम्ही ठरवा. सीएनआय अँग्लिकन कम्युनियनमध्येही आहे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या जगभरच्या कुटुंबात, आणि त्याच कुटुंबातलं इकडचं चर्च म्हणजे एपिस्कोपल, त्यामुळे तिथे गेलात तर उपासनेचा क्रम ओळखीचा वाटेल, उभं कधी राहायचं बसायचं कधी हे शिकायला लागत नाही.

मेथडिस्ट असाल तर जाण्याआधी वेबसाइट नीट वाचा. 2019 ते 2023 मध्ये युनायटेड मेथडिस्टमधून साधारण पाव चर्चेस बाहेर पडली, समलिंगी लग्नं आणि पाळक यावरूनच मुख्य भांडण, त्यामुळे जुन्या पाटीच्या जागी नवीन नाव दिसतं आणि आपला माणूस पार्किंगमध्ये उभा राहून पत्ता परत परत तपासतो. आणि मग ती पंथाचं नावच नसलेली मोठी चर्चेस, स्टेजवर बँड, स्क्रीनवर गाण्याचे शब्द, हातात कॉफी. आठवड्याला दोन हजारांच्या वर माणसं येणाऱ्या चर्चला इथे मेगाचर्च म्हणतात. आमच्या बाजूचं विलो क्रीक 1975 मध्ये भाड्याच्या सिनेमा थिएटरमध्ये सुरू झालं होतं, आता त्याचं पार्किंग बघितलंत तर एअरपोर्टची आठवण येते. तरुण पोरांना तिथे मजा येते, येऊ दे. माझं मत विचाराल तर ऐंशी-शंभर माणसांचं छोटं चर्च बघा, जिथे तुम्ही नसलात तर निदान बाक रिकामा दिसतो.

वसईच्या कॅथलिक मंडळींचं जरा वेगळं. जवळचं पॅरिश, म्हणजे आपल्या भागाचं चर्च, शोधणं सोपं आहे पण नुसतं मिसाला (उपासनेला) जाऊन चालत नाही, ऑफिसमध्ये रजिस्टर व्हा. पुढे कोणी गॉडपेरेंट म्हणून बोलावलं किंवा लग्न ठरलं की पॅरिशचं पत्र मागतात आणि तेव्हा धावपळ होते. मुलांच्या फर्स्ट कम्युनियनसाठी (पहिल्या प्रभुभोजनासाठी) बहुतेक ठिकाणी दोन वर्षं क्लासला जावं लागतं, तेव्हा दुसरीतल्या पोराला घेऊन एप्रिलमध्ये उगवू नका. सगळ्यांनीच येताना बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकांचं सभासदत्वाचं पत्र आणा, मूळ प्रत, मराठीत असेल तर तिकडेच इंग्रजी करून सही-शिक्क्यासकट घ्या.

गाडी नसेल तर रविवारी सबर्बमध्ये हाल आहेत, बस एक तर नसते नाहीतर तासाला एक. लाज न बाळगता चर्च ऑफिसला मेल करा की राइड हवीय. आमच्याकडे एक पंचाहत्तरीचे आजोबा तीन वर्षं दर रविवारी आम्हाला न्यायला यायचे, बरोब्बर नऊ चाळीसला, एक मिनिट इकडे नाही का तिकडे नाही. वेळेवरून आठवलं, इथे दहा म्हणजे दहा आणि अकराला आशीर्वाद. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी भिंतीवरच्या घड्याळावर विसंबून इस्त्रीचा शर्ट घालून बायको-पोरांसकट पोचलो तर सगळे फेलोशिप हॉलमध्ये कॉफी पीत उभे. एक आजी डोनट पुढे करत म्हणाल्या, निदान महत्त्वाच्या भागाला तरी आलात.

त्याच हॉलमध्ये तुम्हाला तो प्रश्न विचारणार, "तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?" चिडू नका, वाईट हेतू नसतो. मी सांगतो की माझे पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांना शिकवायला तुमच्याच गावचे लोक बोटीने आले होते, मग चेहरे बघण्यासारखे होतात. मराठी मंडळात उलटा प्रश्न, "ख्रिश्चन? पण आडनाव तर शिंदे!" दोन्हीकडे सारख्याच शांतपणे उत्तर द्यायची सवय लावून घ्या.

पॉटलक म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. आम्ही पहिल्यांदा मटणाचा रस्सा नेला, मोठं पातेलं, आणि तो तसाच परत आला, वर थिजलेल्या तुपाचा थर. मग एका बाईंनी कानात सांगितलं की यात काय आहे कोणाला कळलंच नाही. आता पुलाव नेतो, पुढे चिठ्ठी, यात काजू आहेत, तिखट नाही, ग्लुटन नाही. ट्रे पाच मिनिटांत साफ. नट्सची अॅलर्जी इथे गंभीर असते, चिठ्ठी लावाच.

प्रभुभोजनाचं, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्याचं, असं की मेथडिस्ट, यूसीसीमध्ये सगळ्यांना मोकळं, द्राक्षरस छोट्या कपात. कॅथलिक चर्चमध्ये बाकीच्यांनी घ्यायचं नाही, बऱ्याच ठिकाणी हात छातीवर आडवे धरून पुढे गेलात की फादर आशीर्वाद देतात. संडे स्कूलला शिकवायची इच्छा असेल तर बॅकग्राउंड चेकचा, म्हणजे पूर्वी काही गुन्हा वगैरे नाही ना हे तपासण्याचा, फॉर्म भरायला लावतात, सगळ्यांनाच लावतात, आपल्यावर संशय म्हणून नाही. आणि दुसऱ्याच्या पोराला टपली मारायची सवय विमानतळावरच सोडून या.

अर्पण चेकने किंवा ऑनलाइन द्या, जानेवारीत वर्षाचा हिशोब पाठवतात, एका वेळी 250 डॉलर किंवा जास्त दिले असतील तर टॅक्सला तो कागद लागतोच. शरद ऋतूत प्लेजचं कार्ड येईल, पुढच्या वर्षी किती देणार ते लिहायचं, आकडा लिहिताना भावनेच्या भरात जाऊ नका. आपल्या हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंचा होतो तो लिलाव मात्र इथे नाही, कोंबडी आणि भोपळ्याची ती बोली मला अजून आठवते.

गुड फ्रायडेला सरकारी सुट्टी नाही, बऱ्याच ऑफिसांना पण नाही, हे ऐकून नवीन माणूस हमखास हबकतो. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची तीन तासांची भक्ती क्वचित कुठे असते, बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सातला तासाभराची. पूर्ण हवी असेल तर आधीच रजा टाका. हॉस्पिटलात भरती झालात तर घरच्यांना चर्चला कळवायला सांगा, हॉस्पिटल स्वतःहून कळवत नाही, आणि फॉर्मवर धर्म लिहिलात तर तिथला चॅप्लेन, म्हणजे हॉस्पिटलचा पाळक, भेटून जातो. माझ्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही संकोचाने कळवलं नाही, नंतर कळल्यावर तीच "घरात न डोकावणारी" माणसं तीन आठवडे पाळी लावून जेवण देत होती.

मराठी उपासना हवी असेल तर ती कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये असते, महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, वेळ पाच म्हटली तर सहाला सुरू, तेवढं एक घरच्यासारखं. मल्याळी लोकांची स्वतःची चर्चेस आहेत, त्यांच्यातल्या सिरो-मलबार कॅथलिकांचा (केरळच्या एका जुन्या पंथाचा) तर 2001 पासून शिकागोला बिशप आहे, आपण संख्येने कमी म्हणून बेसमेंट. तबला आमच्याकडे आहे, टाळांची जोडी एकच आहे आणि तीही चिरलीय. येताना टाळ आणा, पण चेक-इन बॅगेत टाका, मी हातातल्या बॅगेत आणले होते तर सिक्युरिटीवाल्यांनी उघडायला लावलं आणि हे काय म्हणून विचारलं, शेवटी तिथे रांगेत उभं राहून वाजवून दाखवावे लागले.