आईबाबांचं ग्रीन कार्ड: कागदपत्रांच्या या चुका टाळा

रविवारी दुपारी जेवणं झाली की न्यू जर्सीतल्या आमच्या डायनिंग टेबलवर कुणाची ना कुणाची फाइल उघडते. कुणाला आईला बोलवायचं असतं, कुणाला वडिलांना, कुणाची बायको लग्न होऊन अजून पुण्यातच असते. मी वकील नाही. हिशेब तपासण्यात नोकरी गेली आणि स्वतःच्या आईची फाइल एकदा अडकली, एवढीच माझी पात्रता. पण इतक्या वर्षांत फाइली बदलल्या, माणसं बदलली, चुका मात्र त्याच. बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो, "काकू, किती महिने लागतील?" कागद कुठले लागतील हे विचारायला चहाचा दुसरा कप उजाडतो.

सांगून सांगून तोंड दुखलं अशा दोन गोष्टी आधी उरकते. ग्रीन कार्डवाल्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही. नागरिकत्व लागतं आणि वय २१ पूर्ण लागतं. दुसरं, आई आणि वडील यांचे आय-१३० अर्ज, म्हणजे नातेवाइकाला बोलवायचा पहिला फॉर्म, वेगळे, फीसुद्धा वेगळी. एप्रिल २०२४च्या दरपत्रकात ती ऑनलाइन ६२५ डॉलर आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर झाली. भरायच्या दिवशी दर पुन्हा बघा. "वडिलांचं नाव आईच्याच फॉर्मवर टाकलं तर?" असं विचारणारा दर वर्षी एक तरी भेटतो. नाही चालत.

कुणाचा जन्मदाखला?

आईसाठी अर्ज करताना लोक आईच्या जन्मदाखल्यासाठी गाव पालथं घालतात आणि स्वतःचा दाखला मोबाइलमधल्या जुन्या फोटोवर भागवतात. उलटं आहे. सुरुवातीला सिद्ध करायचं असतं ते नातं, म्हणून तिथे लागतो तुमचा जन्मदाखला, आईचं नाव असलेला. वडिलांसाठी त्याच्या जोडीला आईवडिलांच्या लग्नाचा पुरावा. आईचा स्वतःचा दाखला पुढे, आय-१३० मंजूर झाल्यावर, नॅशनल व्हिसा सेंटरच्या टप्प्यावर मागतात.

तुमचा दाखला काढलात की नावाचा रकाना बघा. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी नोंदींत तो कोरा असतो, कारण बारशाआधीच नोंद झालेली असते आणि नंतर नाव घालायला कुणी गेलेलंच नसतं. "मुलगा" एवढ्यावर तुम्ही तुम्ही ठरत नाही. नगरपालिकेत नाव चढवून घ्या, मगच पुढे या.

तांदळात लिहिलेलं नाव

ही माझी दुखरी नस आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे लग्नात बाईचं मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं आणि आईच्या पिढीत पहिलं नावही बदलायचं. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, झालं. तांदूळ परत डब्यात गेले. त्या नावाची नोंद कुठल्याही कचेरीत नाही. पुढची पन्नास वर्षं बाई त्याच नावाने रेशनकार्डावर, मतदार यादीत आणि पासपोर्टवर वावरते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र माहेरचीच मुलगी असते. अमेरिकेतल्या अधिकाऱ्यापुढे हे दोन कागद ठेवले की त्याला दोन बायका दिसतात. पहिलं, मधलं, शेवटचं, तिन्ही नावं वेगळी. त्याचं काय चुकलं?

माझ्या बाबतीत गोम आणखी खोल होती. मी थोरली, म्हणजे आईचं पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद करायला गेले आजोबा, आणि त्यांनी लेकीचं नाव सांगितलं ते त्यांना माहीत असलेलं, माहेरचं. धाकटा भाऊ सासरच्या गावी जन्मला, त्याच्या दाखल्यावर आईचं सासरचं नाव. कागदोपत्री आम्ही सावत्र भावंडं! २०१६ साली अर्ज भरताना मी हे बघितलंही होतं. मनात म्हटलं, मी तिची मुलगी आहे हे काय सिद्ध करायचं असतं? तोंडावळा सारखा आहे.

काही महिन्यांनी पत्र आलं, जादा पुराव्याची मागणी, ज्याला सगळे आरएफई म्हणतात. त्याला उत्तर द्यायला जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात, मुदतवाढ नाही, आणि उत्तर एकदाच देता येतं. अर्धे कागद आज आणि उरलेले पुढच्या महिन्यात असा प्रकार नाही. जे पाठवाल त्यावरच निकाल लावतात. आईवडिलांच्या लग्नाची नोंद झालेली नव्हती आणि आता होणारही नव्हती, कारण वडील जाऊन चार वर्षं झाली होती. दोघं असताना नगरपालिकेत जाऊन ती करता आली असती. ज्यांचे दोघं हयात आहेत त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, बाकी काही करू नका, आधी ती नोंद करून घ्या. लग्नाला पन्नास वर्षं झाली असली तरी होते. साक्षीदार लागतात, आणि वधूचं लग्नाआधीचं नाव त्यात नीट लिहिलं जाईल हे डोळ्यात तेल घालून बघायचं.

मग आम्ही काय केलं? भावाने आईच्या ट्रंकेतून लग्नपत्रिका काढली, त्यात माहेरचं पूर्ण नाव होतं. आईच्या शाळेचा दाखला नव्याने काढला. भावाचा जन्मदाखला जोडला, कारण त्यात वडिलांचं नाव तेच आणि आईचं सासरचं. मामा आणि आत्या यांची प्रतिज्ञापत्रं घेतली. लग्नाला दोघंही हजर, एकाने माहेरचं नाव ठेवताना पाहिलेलं, दुसरीने सासरचं. दहाव्या आठवड्यात पाकीट गेलं आणि अर्ज मंजूर झाला. त्या अडीच महिन्यांत माझं वजन चार किलो उतरलं, तेवढाच फायदा.

इथे लोक दोन शॉर्टकट मारतात. एक म्हणजे कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टकडून "वन अँड द सेम" अॅफिडेव्हिट. दोन्ही नावं माझीच, असं आईने स्वतःच स्टँपपेपरवर लिहून दिलं, खाली नोटरीचा शिक्का. ते जोडायला हरकत नाही, पण स्वतःच्या म्हणण्याला स्वतःचीच साक्ष किती पुरणार? दुसरा म्हणजे राजपत्र. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाच्या राजपत्रात नाव छापून आलं की लोकांना गंगेत घोडं न्हाल्यासारखं वाटतं. अहो, त्या राजपत्रावर तारीख आजची आहे. १९७२ साली तिला त्या नावाने कोण हाक मारत होतं हे त्यातून कसं कळणार? त्याला जुन्या कागदांचा टेकू हवाच.

माझी सवय सांगते. फाइलच्या सगळ्यात वर एक पान ठेवते, इंग्रजीत, नावांचा तक्ता. जन्मापासून लग्नापर्यंत हे नाव, पुरावा क्रमांक अमुक; लग्नानंतर हे नाव, पुरावा क्रमांक तमुक; बदल का झाला ते दोन ओळींत, तांदळाच्या ताटासकट. हे पान कुणी मागत नाही. मी तरी देतेच.

एक जूनची मंडळी

आता दुसरी आवडती चूक, आईबाबांच्या स्वतःच्या जन्मदाखल्याची. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९चा, अंमल १ एप्रिल १९७०पासून. त्याआधीच्या जन्माची नोंद नसणं हे भारताच्या बाबतीत अमेरिकन अधिकाऱ्यांनाही ठाऊक आहे. अशा वेळी त्या गावच्या निबंधकाकडून अनुपलब्धता दाखला घ्यायचा, म्हणजे नोंद शोधली आणि सापडली नाही असं लेखी. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जाणत्या माणसांची दोन प्रतिज्ञापत्रं. सरळ रस्ता आहे.

पण घाईवाल्यांना सरळ रस्ता लांबचा वाटतो. ओळखीतल्या एका मुलाचे वडील १९४८चे, खेड्यातले. पासपोर्टवर जन्मतारीख १ जून. त्या पिढीत निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि गुरुजींनी सहा वर्षं भरतील अशी तारीख टाकून दिली. यात लाजण्यासारखं काही नाही. पण या पठ्ठ्याला चुलतभावाने एजंट गाठून दिला आणि महिन्याभरात वडिलांचा कोरा करकरीत, संगणकावर छापलेला जन्मदाखला हातात आला. जन्म १९४८, नोंदणीची तारीख २०१९. मला दाखवायला आणला तेव्हा तो पेढे घेऊनच आला होता.

मी म्हटलं, एकाहत्तर वर्षांनी केलेली नोंद कशाच्या आधारावर झाली, असं विचारलं तर काय सांगशील? त्याला ते पटलं नाही. वडील मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला गेले आणि २२१(जी)ची चिठ्ठी, म्हणजे कागद अपुरे म्हणून व्हिसा तूर्त थांबवल्याची, घेऊन बाहेर आले. जुने पुरावे आणा. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात शोधाशोध झाली आणि कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत (गाव नमुना १४), खरी नोंद सापडली. महिना निराळा, साल निराळं. आता एका माणसाचे दोन जन्म झाले होते. ते निस्तरायला वर्ष गेलं, आणि त्यातला मोठा भाग एजंटचा दाखला कसा आला हे समजावण्यात. तो दाखला खोटा ठरला असता तर? खोट्या कागदाने व्हिसा मागितल्याचा ठपका बसला की जवळजवळ जन्मभराची बंदी येते. पेढे मी तेव्हाही खाल्ले नव्हते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कोतवाल बुकाची नक्कल शोधायची. नोंद मोडीत असेल तर मोडी वाचणारा गाठायचा, सापडतात. नोंद मिळाली आणि तारीख जुळत नसेल तर लपवायची नाही, गुरुजींची गोष्ट सरळ लिहून द्यायची. नोंद नसेल तर अनुपलब्धता दाखला. गोव्याच्या मंडळींना ही सगळी यातायात क्वचितच पडते. पोर्तुगीज काळापासूनची नागरी नोंदणी असल्याने दाखला बहुधा निघतोच. जुनी नोंद पोर्तुगीजमध्ये असेल तर भाषांतर तेवढं करायचं.

प्रतिज्ञापत्र देणारा माणूस जन्माच्या वेळी जन्मलेला तरी असावा, ही अपेक्षा जास्त आहे का? १९५३ साली जन्मलेल्या काकांनी १९४८चा जन्म "समक्ष पाहिल्याचं" लिहून दिलेलं मी वाचलंय. नाव, पत्ता, स्वतःची जन्मतारीख आणि जन्मगाव, नातं, आणि ही गोष्ट आपल्याला कशी माहीत, हे सगळं त्यात हवं. टायपिस्टचा साचा वापरू नका. आत्याला बोलू द्या, "पाऊस होता, सुईण नदीपलीकडून आली" असं ती सांगेल, तेच लिहा.

बाकीच्या चुका भराभर

भाषांतर पूर्ण हवं, गोल शिक्क्यातल्या मजकुरासकट. भाषांतरकाराने सही करून लिहायचं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. नोटरी लागत नाही. स्वतःच्या आईच्या कागदाचं भाषांतर स्वतः करू नये, शेजारच्याला सांगावं. आपला देवनागरी १ त्यांना इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि ०४/०६ म्हणजे आपला जून, त्यांचा एप्रिल. भाषांतरात महिना अक्षरी लिहा.

कागदाची मागची बाजू स्कॅन करा. शिक्का नेहमी तिथेच असतो.

अर्जासोबत छायाप्रती पाठवा, मूळ कागद मागितल्याशिवाय नाही. मूळ कागद मुलाखतीच्या दिवशी.

पोलिसांचा दाखला म्हणजे पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळणारं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट). पोलीस ठाण्यातलं चारित्र्याचं प्रमाणपत्र चालत नाही. आणि फार आधी काढू नका, शिळं होतं.

आय-८६४, म्हणजे सांभाळायची हमी. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं, आणि घरातली माणसं मोजताना लोक येणाऱ्या आईला मोजायचं विसरतात. कराच्या कागदांत आयआरएसची, म्हणजे इथल्या करखात्याची, ट्रान्सक्रिप्ट जोडा, काम सोपं होतं.

बायकोसाठी अर्ज करणाऱ्यांनो, हळदीचे दोनशे फोटो नकोत. मेंदीचेही नकोत. लग्न झालं हे दाखल्यावरून कळतं. लग्नानंतर संसार आहे का ते त्यांना बघायचं असतं. विमानाची तिकिटं, एकत्र खातं, पाठवलेले पैसे, वर्षभरात पसरलेले पंधरा-वीस फोटो, ज्यात दोन्हीकडची माणसं आहेत. आणि आय-१३०ए हा बायकोचा जोडफॉर्म विसरू नका. निम्मे विसरतात.

डीएनए चाचणी हौस म्हणून करू नका. त्यांनी सुचवली तरच, आणि एएबीबी या अमेरिकन संस्थेची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतूनच. घरी मागवलेल्या डबीचा अहवाल कुणी बघत नाही.

आईला मुलाखतीला पाठवताना मी फाइल रंगीत खुणा लावून दिली होती, नावांचा तक्ता सगळ्यात वर. बाहेर आल्यावर तिने टॅक्सीतूनच फोन केला. खिडकीपलीकडच्या बाईंनी मराठीतच विचारलं म्हणे, "आजी, तुमचं नाव काय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, कुठलं सांगू?"