सा-प धरणारं इलेक्ट्रॉनिक किट: जोडणी, दोष शोधणं आणि सूर स्थिर ठेवणं

येळ्ळूर, उचगाव, कडोली, बेळगावच्या आसपास कुठंही जा, भजनी मंडळ असतंच. पण एकट्यानं सराव करायला बसलं की पेटीवाला मिळेलच असं नाही. अशा वेळी सा आणि प नुसते धरून ठेवणारं छोटं यंत्र फार उपयोगी पडतं, आणि पहिलं किट जोडायला याहून चांगला विषय मला सुचत नाही. यातून नुसता आवाज काढणं सोपं आहे. सूर स्थिर ठेवणं मात्र अवघड. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळ, आणि रामभाऊ विजापुऱ्यांनी याच शहरात पेटी शिकवली. इथल्या कानांना सरकणारा सूर चालायचा नाही, म्हणून खालची बरीच खटपट सुराच्या स्थिरतेसाठीच आहे.

किट घेताना ४०१०६ ही आयसी असलेलं घ्या. तिच्यात सहा स्वतंत्र भाग असतात. एका भागाच्या आउटपुटवरून इनपुटवर रेझिस्टर आणि इनपुटवरून ग्राउंडला कपॅसिटर जोडला की एक स्वर तयार होतो. आपल्याला खालचा सा, प आणि वरचा सा असे तीन पुरे. पुढं आवाज मोठा करायला ३८६ आयसी आणि ८ ओहमचा स्पीकर. हत्यारं म्हणून २५ वॉटची सोल्डरिंग गन, राळ भरलेली सोल्डर तार, कटर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी घेऊ नका, ती लवकर दमते. सहा पेन्सिल सेलचा होल्डर बरा.

आधी आवाजाचा भाग जोडा

किटच्या कागदावर सगळे पार्ट एकदम लावायला सांगितलेलं असतं. तसं करू नका. सगळं जोडून झाल्यावर आवाज आला नाही तर चूक कुठल्या टोकाला आहे हे कळायला मार्ग उरत नाही.

सुरुवात ३८६ पासून करा. दोन्ही आयसींना बेस (आयसी ज्यात दाबून बसवतात ती खोबण) लावा आणि त्या त्या भागाचं सोल्डरिंग संपलं की त्याची आयसी शेवटी बसवा. आयसीची खाच आणि बोर्डावर छापलेली खाच एकाच बाजूला हवी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावर पट्टा असतो, ती मायनसची बाजू. व्हॉल्यूमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) आणि स्पीकर लावून सेल जोडा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि ३ नंबरच्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं पातं टेकवा. पात्याच्या लोखंडाला बोट लागलेलं असू द्या. स्पीकर गुरगुरला की हा भाग झाला. शांत असेल तर ६ आणि ४ या पायांमध्ये व्होल्टेज मोजा. तिथं ९ च्या आसपास मिळत असेल तर ५ नंबरपासून स्पीकरपर्यंतची वाट तपासा.

डाग देताना गनचं टोक पार्टचा पाय आणि बोर्डाचं तांबं या दोघांना एकदम टेकवा, दोन सेकंद तापू द्या आणि मग तार लावा. डाग चकचकीत आणि पायाभोवती उतरता दिसला पाहिजे. गोळा होऊन बसला असेल तर ड्राय सोल्डर समजा आणि पुन्हा तापवा. तारेत शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात साबणानं धुवा.

मग एकच स्वर

आता ४०१०६ चा फक्त पहिला भाग जोडा: इनपुट १ नंबरचा पाय, आउटपुट २ नंबरचा. कपॅसिटरवर १०४ लिहिलेलं असेल, म्हणजे १०० नॅनोफॅरड. किटमध्ये चपटा सिरॅमिक दिला असेल तर त्याऐवजी पॉलिस्टरचा आणून लावा. स्वस्त सिरॅमिक गरम-थंड झालं की सूर हलवतो. रेझिस्टरच्या जागी १०० किलोओहमचा पॉट, त्याच्याशी ओळीनं १० किलोओहमचा पॉट बारीक सुरासाठी, आणि १० किलोओहमचा एक पक्का रेझिस्टर. रंग उजेडात बघून लावा. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम, तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे १००. पिवळ्या बल्बखाली हे दोन हमखास अदलाबदल होतात.

वापरात नसलेल्या भागांचे इनपुट ग्राउंडला जोडा. ते अधांतरी राहिले तर आयसी उगाच करंट खाते आणि चित्रविचित्र आवाज येतात.

स्वर आला नाही तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळा प्रोब ग्राउंडला आणि लाल २ नंबरला लावा. पुरवठ्याच्या साधारण निम्मं व्होल्टेज दिसलं तर स्वर तयार होतोय आणि दोष पुढं आहे. शून्य किंवा पूर्ण व्होल्टेज दिसलं तर दोष इथंच: पॉटची तार सुटली असेल, १ आणि २ च्या पायांमध्ये सोल्डरचा पूल झाला असेल किंवा १४ नंबरला वीज पोचत नसेल. मी दुसऱ्यांची किटं तपासतो तेव्हा बहुतेक वेळा या तिनांपैकीच एक सापडतं.

एक स्वर नीट बोलला की उरलेले दोन तसेच जोडा आणि प्रत्येकी १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून व्हॉल्यूमच्या पॉटवर आणा. आवाज कानाला टोचतो, कारण ही चौकोनी लहर आहे. व्हॉल्यूमच्या पॉटच्या बाहेरच्या दोन टोकांमध्ये ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाका, बराच मऊ होतो.

सूर सरकतो तेव्हा

या आयसीचा स्वर पुरवठ्याच्या व्होल्टेजवर अवलंबून असतो. सेल उतरले की सूरही हलतो, आणि स्पीकर मोठा वाजला की व्होल्टेज खाली-वर होऊन सूर थरथरतो. उपाय म्हणजे ४०१०६ ला ७८०५ या व्होल्टेज स्थिर धरणाऱ्या आयसीमधून वेगळे ५ व्होल्ट द्या आणि ३८६ थेट सेलवर ठेवा. एका स्वराचा पॉट फिरवल्यावर दुसराही ओढला जात असेल तर १४ आणि ७ या पायांच्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. खानापूरकडच्या पावसाळ्यात बोर्डावर राहिलेली राळ ओल धरते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या जुन्या ब्रशनं पुसून काढा.

सूर लावताना आधी खालचा सा ठरवा. पुरुष गळ्याला पेटीवरची काळी एक पट्टी, म्हणजे १३८.६ हर्ट्झ, बहुधा बरी पडते. प त्याच्या दीडपट, २०७.९. मोबाईलचा ट्यूनर जवळपास आणून सोडतो. पुढचं काम कानाचं. सा-प एकत्र वाजताना आवाज हेलकावे खात असेल तर बारीक पॉट हळू फिरवा, हेलकावे लांबत जाऊन थांबतात तिथं प लागला. मंडळात वापरणार असाल तर ट्यूनर बाजूला ठेवून मंडळाच्या पेटीशीच मिळवा, जुन्या पेट्या ट्यूनरशी जुळतीलच असं नाही. ७८०५ ला साधारण ७ व्होल्ट तरी लागतात, म्हणून सेल त्याखाली गेले की लगेच बदला.