मुलांना घेऊन नाशकात येताय? घर जुन्या वस्तीत बघा, पण आधी रस्ते मोजा

नाशकात बदली झाली की पहिला सल्ला ठरलेला असतो: पाथर्डी फाट्याकडे नाहीतर गंगापूर रोडला पुढे नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घ्या. खाली बाग, गेटवर वॉचमन, मुलं सुरक्षित. दुसरा सल्ला रसिक मंडळींचा: जुन्या नाशकात वाड्यात राहा, काय वातावरण असतं तिथं! या दोघांपैकी कुणीच एक पोर कडेवर, दुसरं बोटाला आणि खांद्याला भाजीची पिशवी अशा अवस्थेत घरी आलेलं नसतं. मी अकरा वर्षांत नाशकातच चार घरं बदलली, शिवाय नातेवाइकांना आणि नवऱ्याच्या ऑफिसातल्यांना दहाएक घरं शोधून दिली. टॉवरमध्येही राहून झालंय. गेटच्या आत सगळं छान होतं, पण कोथिंबीर आणायची तरी गाडी काढावी लागायची.

१. भाग ठरवा

अशोकस्तंभ, घारपुरे घाट, पंडित कॉलनी, टिळकवाडी हा पट्टा माझ्या मते सगळ्यात सोयीचा. इथं आतल्या गल्ल्यांत झाडं आहेत, तीनचार मजली जुन्या इमारती आहेत आणि वाणी, डॉक्टर, शाळा हाकेच्या अंतरावर आहेत. भाडं जास्त पडतं, पण पेट्रोल वाचतं. फक्त गोळे कॉलनीच्या अगदी तोंडाशी घर घेऊ नका. तो औषधांचा घाऊक बाजार, दिवसभर टेम्पो उभे.

पंचवटीत कारंज्याच्या आसपास सगळं पायाखाली आहे. पण तिथं वर्षाचं पंचांग बघून राहावं लागतं: कामदा एकादशीला रथ, श्रावणात गर्दी, आणि आता २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला, म्हणजे शाही स्नानाच्या दिवशी, बंदोबस्त असा होता की स्वतःच्या घरी जायलाही वळसे पडत होते. लहान मूल तापलं आणि डॉक्टर बॅरिकेडच्या पलीकडे, ही वेळ नको असेल तर घाटापासून जरा लांब सरका.

जुन्या सिडकोला लोक उगाच नाकं मुरडतात. पवननगर, त्रिमूर्ती चौक या भागातल्या आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की गाडी आपोआप हळू होते आणि मुलं दारात खेळतात. भाडंही परवडतं.

रेल्वेनं रोज येजा असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि नाशिकरोडलाच बघा. स्टेशन सीबीएसपासून, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकापासून, ८-९ किलोमीटर लांब आहे.

खुद्द जुनं नाशिक, म्हणजे तिवंधा, दहीपूल, सराफ बाजार ही बाजू: बघायला, खायला, रंगपंचमीला रहाड (रंगाच्या पाण्यानं भरलेला जुना हौद) बघायला जरूर जा. पण हे गाव टेकाडांवर वसलंय. गंगेकडे (गोदावरीला इथं गंगाच म्हणतात) उतरणारी प्रत्येक गल्ली परतताना चढ होते, आणि बाबागाडी तिथं ढकलायची नसते, उचलायची असते. सासूसासरे सोबत असतील, दोन पिढ्यांची ओळख असेल तर राहा. नवख्यांनी तान्हं मूल घेऊन तिथून सुरुवात करू नये.

२. पाणी कुठवर येतं ते विचारा

गोदावरीला २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये मोठे पूर आले. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावर नाशिककर पूर मोजतात, तुम्ही इमारतीच्या जिन्यावर मोजा. ‘२०१९ ला कितव्या पायरीपर्यंत आलं होतं?’ असा थेट प्रश्न तळमजल्यावरच्या माणसाला विचारा, मालकाला नको. पूररेषा दोन असतात: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आतलं घर फुकट मिळालं तरी घेऊ नका. सराफ बाजार, दहीपूल या खोलगट भागात नदी शांत असतानाही जोराच्या पावसात दुकानात पाणी शिरतं, हेही लक्षात ठेवा.

३. अंतर नको, रस्ते मोजा

इथं मी स्वतः तोंडावर आपटले, म्हणून सविस्तर सांगते.

आमचं दुसरं घर. मोबाइलच्या नकाशावर शाळा साडेतीनशे मीटर, म्हणजे चालत पाच मिनिटं. घर सुरेख, मागे आंब्याचं झाड, मालकीणबाई प्रेमळ. मी त्याच संध्याकाळी टोकन देऊन टाकलं. नकाशानं एक गोष्ट सांगितली नव्हती: त्या साडेतीनशे मीटरच्या मधोमध मोठा रस्ता आडवा जात होता, आणि शाळा सुटायच्या वेळी तो ओलांडायला आम्हाला कधी सात मिनिटं लागायची, कधी दहा. रिक्षा, व्हॅन, शाळेच्या बस दुहेरी लावलेल्या. त्यांच्यामागून मूल दिसत नाही आणि मुलाला गाडी दिसत नाही.

जुलैतली गोष्ट. धाकटी कडेवर, छत्री त्याच हातात, थोरल्याचं बोट दुसऱ्या हातात. रस्त्याच्या मधोमध त्याची पिवळी पाण्याची बाटली गळ्यातून निसटली आणि घरंगळत निघाली. त्यानं माझं बोट सोडलं आणि वाकला. एक बुलेटवाला अक्षरशः हातभर अंतरावर थांबला, आणि वर मलाच बोलला. मी काही उत्तर दिलं नाही, कारण माझे पाय लटपटत होते. बाटली पलीकडच्या गटारीशी जाऊन थांबली होती. थोरला ती बाटली हवी म्हणून रडत होता.

पुढच्या सोमवारपासून साडेतीनशे मीटरसाठी आम्ही व्हॅन लावली. पहिल्या दिवशी व्हॅनवाले काका म्हणाले, “मॅडम, इथून तुमची गॅलरी दिसते हो.” दिसत होती खरी. दोन वर्षं महिन्याला पैसे मोजले.

तेव्हापासून माझी पद्धत अशी आहे. कागदावर घर काढायचं आणि भोवती चार ठिकाणं: शाळा किंवा बालवाडी, दूध-किराणा, खेळायची जागा, मुलांचा डॉक्टर. मग प्रत्येक ठिकाणी जाताना बस धावते असे किती रस्ते ओलांडावे लागतात ते लिहायचं. किराण्याला शून्य. खेळायच्या जागेला शून्य, फार तर एक. शाळेला एक, त्याहून जास्त नाही. डॉक्टरला कितीही, कारण तापलेलं मूल आपण रिक्षानंच नेतो. या हिशेबात नऊशे मीटरवरची शाळा साडेतीनशे मीटरवरच्या शाळेला सहज हरवते. आमचं आताचं घर तसंच आहे. शाळा लांब, पण वाटेत सगळ्या गल्ल्या आणि एकच रस्ता, तोही जिथं देवळासमोर गतिरोधक आहे तिथं ओलांडायचा.

‘पण तिथं सिग्नल आहे ना’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सिग्नल गाड्यांसाठी असतो, आणि डावीकडे वळणारा लाल दिव्याला कधीच थांबत नाही. त्र्यंबक नाका ते अशोकस्तंभ या स्मार्ट रोडचे फुटपाथ रुंद आहेत, कडेकडेनं चालायला बरे. पण फुटपाथ रुंद झाला म्हणून रस्ता ओलांडणं सोपं होत नाही. देऊळ, भाजीवाल्यांची रांग, चांगला उंच गतिरोधक अशा जागी गाड्या मुळातच हळू झालेल्या असतात. लहान मुलाला घेऊन ओलांडायचं ते तिथंच.

४. तीनदा चाला, मुलाला घेऊन

रविवारी सकाळी एजंटच्या स्कूटरवर मागे बसून बघितलेली गल्ली बघितली असं धरू नका. रविवारी सकाळी नाशिक कुठंही सुंदरच दिसतं. एकदा शाळा सुटताना चाला, एकदा शनिवारी संध्याकाळी सातला, एकदा पावसात. पाऊस नसेल तर निदान छत्री उघडून चाला. एक हात कायमचा गेला की कोणत्या फुटपाथवरून खाली उतरावं लागतं ते लगेच कळतं. चार वर्षांचं मूल चारशे मीटरला पंधरा मिनिटं घेतं, त्यात एक कुत्रा आणि दोन मांजरं धरलेली नाहीत.

एकदा खाली उकिडवं बसून गल्ली बघा. लोक हसतील, हसू द्या. जुन्या गल्ल्यांत दुचाक्या भिंतीला खेटून लावलेल्या असतात आणि त्यांचे सायलेन्सर बरोबर मुलाच्या पोटरीच्या उंचीला येतात. माझ्या धाकटीच्या पायावर अजून डाग आहे. दुचाक्या सोडून चालायला दोन हात जागा उरत नसेल तर ती गल्ली बाद. चेंबरची झाकणं मोजा, त्यातली किती हलतात तेही बघा.

मग इस्त्रीवाल्याकडे जा. एजंटला सगळं चांगलंच दिसतं. इस्त्रीवाल्याला कोण कधी आलं, का सोडून गेलं हे पाठ असतं. वाण्याला फक्त एक प्रश्न विचारा: “एकटं दुकानात येणारं इथलं सगळ्यात लहान पोर केवढं?” उत्तर ‘सहा-सात वर्षांचं’ असं आलं तर त्या गल्लीत ओट्यावर बसून लक्ष ठेवणाऱ्या आज्या आहेत. ‘छे, कोण पाठवतं हल्ली’ असं आलं तर पुढची गल्ली.

५. इमारत

लिफ्ट नसेल तर दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊ नका. तळमजल्यावर पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, पलंग सरकवून मागे हात लावून बघा. वाडा असेल तर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक घरांना नोटीस देते, ती आली आहे का हे शेजाऱ्याकडून काढून घ्या. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ, तेही विचारा. गच्चीची किल्ली मिळणार असेल तर हजार रुपये भाडं जास्त द्या, कठडा छातीएवढा असेल तरच.

६. कागदपत्रं

भाडेकरार नोंदवून घ्या, पोलीस पडताळणी करून टाका. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल तर करार अर्जाच्या आधी नोंदवलेला हवा, कारण तिथं घरापासून शाळेचं अंतर बघतात.

७. सामान

मेमध्येच हलवा. जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदम सुरू होतात, आणि भिजलेल्या गाद्या वाळवायला जुन्या इमारतीत गॅलरी पुरत नाही. मोठा ट्रक या गल्ल्यांत शिरत नाही, छोटा हत्ती (लहान टेम्पो) सांगा, दोन खेपा धरा. पहिली खेप सकाळी आठच्या आत गल्लीत उभी पाहिजे. दहानंतर एकदा दुकानं उघडली की कपाट डोक्यावर घेऊन कोपऱ्यापासून चालत यावं लागतं, आणि हमाल त्याचे वेगळे पैसे लावतात.