वाढत्या वयातील मुलांचे वजन : पोळी कमी करण्यापूर्वी काय पाहावे

आठवी ते बारावीच्या वयात मुलगा किंवा मुलगी अंगाने भरू लागली, की घरात पहिली कात्री भात-पोळीला लागते. तसे करण्यापूर्वी उंची पाहावी. मुलींची उंची पाळी सुरू होण्याच्या आधीच्या काळात सर्वांत वेगाने वाढते, मुलांची त्यानंतर साधारण दोन वर्षांनी. आणि याच सुमारास मुलींच्या मांड्यांवर व नितंबांवर चरबी साठणे हा वाढीचाच भाग असतो. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी उंची आणि वजन दोन्ही तारखेसह वहीत लिहावे व ती वही बालरोगतज्ज्ञांना दाखवावी. मोठ्या माणसांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन पाहण्याचा, तक्ता मुलांना लावू नये. भारतीय मुलांसाठी ५ ते १८ वयोगटाचे वाढीचे आलेख वेगळे आहेत आणि डॉक्टर त्यांवरूनच निर्णय घेतात.

या वयातील खरी तूट बहुधा लोहाची असते, आणि काट्यावर ती दिसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या मुलीला जिना चढताना धाप लागते आणि वर्गात सतत झोप येते, तिचे जेवण कमी करणे हा उलटा उपाय ठरतो. मटकीची उसळ, चवळी, अळीव, हिरव्या पालेभाज्या आठवड्यात फिरवून द्याव्यात, उसळीवर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा देऊ नये, कारण लिंबामुळे लोह अधिक शोषले जाते आणि चहामुळे कमी. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर घ्यावी. हाडांसाठी दूध, ताक, तीळ आणि नाचणी पुरेशी आहे. त्यासाठी महागड्या पावडरीची गरज नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगेन, कारण डाळ, चणे, अंडी, दही किंवा मासे रोजच्या जेवणात असतील तर प्रथिनांचा डबा विकत आणावा लागत नाही.

वजन खरोखर वाढत असेल, तर बहुतेक वेळा गडबड ताटात नसून वेळापत्रकात असते. सकाळी सातची शाळा म्हणून नाश्ता नाही, डबा अर्धा परत येतो, आणि संध्याकाळी क्लासबाहेर वडापाव व शीतपेय होते. शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीतच सुमारे ३० ग्रॅम साखर असते. येथे मनाई करण्यापेक्षा भूक आधी भागवणे उपयोगी पडते. निघताना एक केळे व दूध, डब्यात भाजणीचे थालीपीठ आणि दही, क्लासच्या पिशवीत फुटाणे-शेंगदाणे, एवढी तजवीज आदल्या रात्री करून ठेवावी. बदल करायचा तो सर्वांच्या ताटात करावा. धाकट्याला श्रीखंड आणि थोरलीला काकडी वाढली, तर थोरली लपून खायला शिकते. रोज तासभर खेळ, सायकल किंवा नाच, आणि आठ ते दहा तास झोप यांनाही आहाराइतकेच महत्त्व द्यावे.

लग्नकार्यात आत्या-काकू “किती सुटलीस गं!” असे म्हणतात, तेव्हा आईने तेथल्या तेथे विषय बदलावा. अशा बोलण्याने वजन उतरत नाही, मूल मात्र जेवण टाळू लागते, आणि हे मला फार काळजीचे वाटते.

काही खुणा दिसल्या तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मानेमागची कातडी काळी व जाडसर होऊ लागली, तर पुष्कळ आया ती मळ समजून बेसनाने घासतात. परंतु ती शरीरात इन्सुलिनचे काम नीट होत नसल्याची खूण असू शकते, तेव्हा रक्ततपासणी करून घ्यावी. पाळी तीन महिने चुकणे, चक्कर येणे, झपाट्याने वजन उतरणे, जेवून उठताच न्हाणीघरात जाऊन दार लावून घेणे, “मैत्रिणीकडे खाऊन आले” हे रोजचे उत्तर होणे, यांपैकी काहीही आढळल्यास रागावू नये, जबरदस्तीने भरवू नये. आधी बालरोगतज्ज्ञांना आणि त्यांच्या सल्ल्याने मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. तोपर्यंत बोलायला कोणी हवे असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर शुल्क न देता मराठीतही बोलता येते, आणि हा क्रमांक मुलांनाही लिहून द्यावा.